बायला न सांगितलेला शेवट

सिनेमा बघून रडणाऱ्या बायका मला कधी समजल्या नाहीत. नटी रडते तो तिचा धंदा आहे. आपण घरात बसून, पुढ्यात निवडायची भाजी ठेवून, कशाला डोळे गाळायचे? माझ्या सुनेचं नाक पहिल्या गाण्यालाच लाल होतं. ती शाळेत शिक्षिका, मी चौथी शिकलेली. तुम्हाला सिनेमातलं काय कळतं, असं ती मला कधी म्हणाली नाही. पण मी मत दिलं की ती टीव्हीचा आवाज वाढवायची. मी त्याहून मोठ्याने मत द्यायचे.

सून आमच्या गिरीज गावच्या घरात आली तेव्हा तिच्याबरोबर रंगीत टीव्ही आला आणि काही वर्षांनी सीडीचं मशीन. त्याआधी मी जन्मात तीन सिनेमे पाहिले होते, तिन्ही वसईच्या टॉकीजमध्ये. त्यातल्या तिसऱ्यातून मधेच उठून आले, कारण विहिरीवरचा पंप चालू राहिल्याचं आठवलं. मग म्हातारपणी हा झपाटा सुरू झाला. सून शनिवारी बाजारातल्या दुकानातून सीडी आणायची. एका सिनेमाच्या दोन सीड्या. पहिली शनिवारी बघायची, दुसरी रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर. आणि सोमवारी दुपारी तो सिनेमा मी बायला सांगायचे.

बाय म्हणजे माझी मोठी जाऊ. तिचं घर अंगणाच्या पलीकडे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. कान शाबूत, जीभ कानाहून शाबूत, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टीव्ही तिला खिडकीतल्या उजेडासारखा दिसायचा. हातांना मात्र सगळं ठाऊक होतं. रोज दुपारी आम्ही दोघी ओटीवर बाजारात पाठवायच्या आळूच्या जुड्या बांधायला बसायचो. हाताला खोबरेल चोळलेलं, म्हणजे खाज नको, आणि शेजारी पाण्यात भिजत घातलेल्या केळीच्या सोपटाच्या दोऱ्या. बाय देठ चाचपून पानं जुळवायची, दोरीचा फेरा घ्यायची, गाठ मारायची. माझ्यापेक्षा तिची जुडी घट्ट. त्यामुळे आमच्या ओटीवर सिनेमा तासांत मोजत नसत.

"हा किती जुड्यांचा?" बाय आधी विचारायची.

चांगला सिनेमा चाळीस जुड्यांना पुरायचा. गाणी मी गाळायचे. मारामारी एका जुडीत उरकायचे. एखादा माणूस फारच रडका असला तर त्याला मध्यंतराच्या आधीच मारून टाकायचे. बायला त्याची कधी उणीव भासली नाही.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती कागदावर कशी उतरवायची ते मला कोणी शिकवलं नाही, म्हणून बोलणंसुद्धा शाळेतल्या मराठीतच लिहिते आहे.

"नटी आता केळीच्या बागेतून पळते आहे," मी सांगायचे.

"का? मागे कोण लागलंय?"

"नट."

"मग थांबत का नाही?"

"गाणं संपायचंय."

"आणि बागेत पाण्याचे पाट नाहीत? पाय मुरगळेल तिचा."

"पाट दिसले नाहीत. साडी पांढरी आहे."

"पांढरी!" बायचा हात थांबला. "केळीचा चीक लागला म्हणजे? जन्मात निघायचा नाही. त्या पोरीला आईने काही शिकवलेलं नाही."

पुढे त्या नटीवर विष खायची पाळी आली तरी बायला तिची दया आली नाही. जी पांढरी साडी नेसून केळीत शिरते तिचं असंच व्हायचं, हे आमचं दोघींचं मत होतं, आणि मी ते अजून बदललेलं नाही.

आणखीही मतं आहेत. सिनेमातल्या लग्नात कोणी जेवत नाही. एवढे लोक सजूनधजून येतात, भांडतात, लग्न मोडतं आणि सगळे उपाशी घरी जातात. अन्नाचं काय होतं? सिनेमातला ख्रिस्ती माणूस दारू प्यायलेला असतो आणि त्याची बहीण आखूड झग्यात. माझी सासू मरेपर्यंत लाल लुगडं नेसली आणि तिच्या भावाला ताडी सोसत नसे. सिनेमातले फादर पांढऱ्या दाढीचे, "माझ्या मुला" म्हणून डोक्यावर हात ठेवणारे. आमचे फादर रस्त्यात भेटले की विचारतात, "काय गं, रविवारी मागच्या बाकावर झोपली होतीस ना?"

असं आमचं छान चाललं होतं. मग एका सकाळी बाय बावखलात पडता पडता राहिली.

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. आमचं बरंच खोल आहे. बाय साठ वर्षं त्याच्या काठाने चालत आली होती, म्हणून तिला वाटायचं पायांना वाट पाठ आहे. पण त्या आठवड्यात काठ थोडा ढासळला होता, आणि पायांना ते कोणी सांगितलं नव्हतं. मी केळीची वाळकी पानं कापत होते म्हणून दिसलं. धावत जाऊन तिचा दंड धरला. एक पाय पाण्यात, एक काठावर.

"सोड," बाय म्हणाली, "मी पाणी बघत होते."

"कशाने?"

तिने पाण्यातला पाय काढून घेतला. मी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाही. भीती वाटली की मी बोलत नाही. आधीच्याच आठवड्यात तिने अंगणातल्या नारळाला "कधी आलास?" म्हणून विचारलं होतं तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता हसू येईना. ही बाई डोळे करून घेणार नसेल तर एक दिवस मला ती त्या पाण्यात सापडणार, एवढं मला कळलं.

डोळ्यांच्या शिबिराला आलेल्या डॉक्टरांनी चर्चच्या हॉलमध्ये तिला तपासलं होतं आणि ऑपरेशन सोपं आहे म्हणून सांगितलंही होतं. तिचा मुलगा न्यायला तयार होता. बाय तयार नव्हती. डोळ्यात सुरी घालू देणार नाही, हे वरचं कारण. खरं कारण मला तिसऱ्या दिवशी कळलं.

"नंतर काळा चष्मा घालावा लागतो," ती म्हणाली. "त्या भुईगावच्या बाईने घातला होता. तसा घालून मी मिस्सेला गेले तर लोक म्हणतील, सिनेमातली आली."

"लोक तुला बावखलातून काढतील तेव्हा काय म्हणतील?"

"तेव्हा मला ऐकू येणार नाही."

मी विळा घेऊन केळीत निघून गेले.

त्या शनिवारी सुनेने एक सिनेमा आणला, दोन जावांचा. एकच घर, मधे भिंत घातलेली, आंब्याच्या झाडावरून भांडण, आणि कित्येक वर्षं बोलणं बंद. सिनेमा साधारणच होता. मोठ्या जावेचं काम करणारी बाई बरी होती, धाकटी भुवया फार उडवायची. पण सोमवारी मी सांगायला लागले आणि बायच्या जुड्या सैल पडायला लागल्या. तिने असं कधी ऐकलंच नव्हतं. सिनेमात जावा असतात, पण त्या कोपऱ्यात कान फुंकायला. इथे सगळा सिनेमा जावांचाच.

"आंबा कोणाच्या बाजूला पडायचा?"

"झाड मोठीकडे, सावली धाकटीकडे."

"मग सावलीतला आंबा धाकटीचा," बाय म्हणाली. ती स्वतः मोठी जाऊ असून. मला आवडलं ते.

शेवट जवळ आला. शेवट असा होता की त्यात कोणी काही बोलत नाही. पहाट होते, मोठी जाऊ मागचं दार उघडते आणि समोर बघते. खलास. मी तोंड उघडलं आणि माझ्या मनात आलं, हे सांगायचंच कशाला?

"मोठीने दार उघडलं," मी म्हणाले.

"मग?"

"मग तिने बघितलं."

"काय बघितलं?"

"ते सांगता येत नाही. बघावं लागतं."

"काय बघावं लागतं? तू बघितलंस ना? सांग."

"डोळे करून घे आणि बघ."

बायने हातातली जुडी खाली ठेवली. तिने मला जे ऐकवलं ते शाळेतल्या मराठीत येत नाही.

आठवडाभर चाललं हे. बायने सुनेला विचारलं. सुनेला मी आधीच बजावलं होतं. एरवी आमचं दोघींचं कशातच जमत नसे, पण या कटात ती अशी सामील झाली की मला तिच्याबद्दल नवीनच आदर वाटला. "मोठ्या आई, मला रडू येत होतं, मला दिसलंच नाही," ती म्हणाली. मग बायने शेजारणीला विचारलं, मासळीवालीला विचारलं. रविवारी मिस्सा झाल्यावर तिने फादरांना गाठलं आणि सिनेमातल्या जावेने दार उघडल्यावर काय बघितलं ते विचारलं. फादरांनी तो सिनेमा पाहिला नव्हता.

सोमवारी ती ओटीवर आली, दोऱ्या पुढ्यात घेतल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तू कधी उगाच कोणाचं कौतुक करत नाहीस. खरं सांग. तो शेवट एवढा बघण्यासारखा आहे?"

"आहे," मी म्हणाले.

आयुष्यात मी तोंडावर वाईट पुष्कळ बोलले, पण खोटं बोलायची मला सवय नाही. हे खोटं मात्र सरळ तिच्या तोंडाकडे बघून बोलले. तिला दिसत नव्हतं म्हणून जमलं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मी दवाखान्यात गेले तर ती खिडकीबाहेरच्या भिंतीवरची जाहिरात अक्षर अक्षर लावून वाचत होती. मला बघून म्हणाली, "तू आलीस होय? बस. वाचून होऊ दे." घरी आल्यावर थेंब, काळा चष्मा, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही. काळ्या चष्म्यात ती मिस्सेला आली आणि पहिल्या बाकावर बसली. नंतर बायका चौकशीला आल्या तर त्यांना चष्मा काढून, पुन्हा घालून दाखवत होती.

मी मधल्या काळात कुमसार केला, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली दिली. त्यांना जाळीतून सांगितलं की मी जावेशी खोटं बोलले, आणि काय खोटं बोलले तेही सांगितलं. फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण शेवटी ती बघते काय?"

"बघा तुम्ही सिनेमा," मी म्हणाले. त्यांनी मला एक जपमाळ जास्तीची सांगितली.

महिन्याभराने डॉक्टरांनी टीव्हीला परवानगी दिली. सुनेने तीच सीडी पुन्हा आणली. बाय टीव्हीपुढे पाट घेऊन बसली, नाकाला नाक लावून. पहिली सीडी झाली, दुसरी लागली. मी जपमाळ हातात घेतली. पहाट झाली, मोठी जाऊ दाराकडे निघाली, कडीला हात घातला, आणि सीडी अडकली. जावेच्या तोंडाचे चौकोन झाले.

"हेच बघायचं होतं?" बायने विचारलं.

सुनेने सीडी काढली, पदराने पुसली, परत घातली. दार उघडलं. समोर धाकटी जाऊ उभी, हातात रुमाल झाकलेली थाळी. मोठी तिच्याकडे बघते, धाकटी मोठीकडे. दोघी हसतात. चित्र थांबतं. संपलं.

बाय वळली. कोऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं.

"एवढंच?"

मी जपमाळेचा पुढचा मणी ओढला.

"एवढ्यासाठी मी डोळा कापून घेतला?"

सून स्वयंपाकघरात पळाली. तिकडून तिचं हसणं ऐकू येत होतं.

"आणि तो रुमाल," बायने बोट नाचवलं, "इस्त्री केलेला! पहाटेच्या पारी उठून तिने रुमालाला इस्त्री केली? बारा वर्षांचं भांडण आणि बाई इस्त्री करत बसली? थाळीत काय होतं तेसुद्धा दाखवलं नाही. आणि धाकटीच्या भुवया बघ कशा, घोरपडीसारख्या."

घोरपडीला भुवया नसतात, पण असू देत. मला एवढा आनंद झाला होता की उठून चहा टाकला, साखर जास्त घालून.

दुसऱ्या डोळ्याचं तिने स्वतःच मुलाला सांगितलं. एकाने अर्धाच पडदा नीट दिसतो म्हणे. दोन्ही डोळे झाल्यावर ओटीवर बसली ती पहिल्याच दिवशी माझ्या जुड्या उकलून बसली. मी भोकं पडलेली पानं आत दडपते हे तिला इतकी वर्षं बोटांनी कळलं नव्हतं. "ही तुझी सचोटी?" म्हणाली. तेव्हापासून भोकाचं पान वेगळं निघतं आणि आमच्या घरी आळवाचं फदफदं जास्त होतं.

सोमवारचं माझं काम गेलं. आता शनिवारी तिघी बसतो आणि कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही. सुनेने आवाज वाढवायचं सोडून दिलं आहे, उपयोग नाही म्हणून. मध्ये एकदा तिने तो केळीच्या बागेचा जुना सिनेमा आणला. बायला बघायचा होता, पाट खरंच नाहीत का ते. मी विसरूनच गेले होते. मध्यंतरानंतर नटीचा भाऊ आला, चांगला चालत, हातात बॅग घेऊन.

"हा मेला होता ना?" बाय म्हणाली.

"मेला होता."

"मग हा कोण येतोय?"

"फार रडायचा गं तो," मी म्हणाले.

बायने शेजारची आळूची जुडी उचलली आणि मला मारली. नेम बरोबर लागला.