येसकर सुटला का?

रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला आमचं गाव. गावात केळीच्या पॅकिंगचं शेड आहे, शेडबाहेर ओटा आहे, आणि ओट्यावर मधोमध, खांबाला टेकून बसायची जागा भिकनभाऊची. आता ती रिकामी असते. का, तेच सांगायचं आहे, पण मी चौथी शिकलेला माणूस, सरळ सांगणं मला जमत नाही. आडवळणं घेईन, सांभाळून घ्या.

भिकनभाऊ एसटीत कंडक्टर होता. आवाज असा की बस. एकदा सावद्याच्या स्टँडवर त्याने "रावेर, रावेर" अशी हाळी दिली, तर भुसावळला निघालेलं निम्मं वऱ्हाड उतरून याच्या गाडीत येऊन बसलं. नवरदेवासकट! मुहूर्त टळला, लग्न संध्याकाळी लागलं. ते जोडपं अजून कुठे भेटलं की भिकनभाऊला पेढा देतं.

असा माणूस रिटायर झाला आणि घरात गप्प बसला. त्याची मुलगी प्रज्ञा जळगावला कॉलेजात शिकवते. तिने बापाला एक पुस्तक पाठवलं. खानदेशात सुलतान राज्य करत होते त्या काळातली खुनाची गोष्ट. तापीच्या उतारावर एक सराई, तिथे वाटसरू मुक्कामाला येतात. सराई चालवणारी म्हातारी सकीनाबी. ती भाकरी थापता थापता चार प्रश्न विचारते आणि खुनी हुडकून काढते. अशी भागामागून भाग पुस्तकं. घरात द्रौपदावहिनी "हळू वाचा, भिंती हादरतात" म्हणाल्या म्हणून भिकनभाऊ पुस्तक घेऊन ओट्यावर आला, आणि आमची संध्याकाळची सोय झाली.

काय दिवस होते ते! तापी आपली, थाळनेर आपलं, असीरगड तर डोंगराआड. रतिलाल आणि तोताराम त्या काळी केळी होती की नव्हती यावर असे भांडले की चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. शिरपूरकडचे चुडामणआबा लेकीकडे राहायला आले होते, ते म्हणायचे, "थाळनेरनं खरं लिखेल शे, मी तठेच वाढेल शे," जसे काही सुलतानाच्या पंगतीला जेवून आले.

भिकनभाऊची एक पद्धत होती. पुढचं पान तो आधी कधी वाचायचा नाही. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचा आणि गाडीत तिकिटं मागतात तसा हात पुढे करून प्रत्येकापुढे यायचा. "हं, बोला. खुनी कोण? कोण राह्यलं?" प्रत्येकाने नाव सांगायचं. ज्याचं बरोबर त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. मी दर भागाला हकीमाचं नाव घेतलं. एकदाही हकीम निघाला नाही, पण माझं नाव मात्र हकीम पडलं.

मध्येच वाचन थांबवून मी माझ्या गोष्टी सांगायचो. त्यातली सगळ्यांची आवडती पाटलाच्या घुंगरमाळेची. जुन्या काळी आमच्या गावच्या पाटलाच्या बैलाची घुंगरमाळ चोरीला गेली. गावभर बोंबाबोंब. आणि सापडली कुठे? पाटलाच्याच कडब्यात! बैलाने मान झटकली होती तिथेच पडली होती. मग पाटलाने नारळ फोडला, गावाला गूळ वाटला. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, शंभरदा लोक हसले. भिकनभाऊ तेवढा वेळ पुस्तकाची पानं सारखी करत बसायचा.

तर आठवा भाग. गावाला तटबंदी, एकच वेस. वेशीवर रात्री येसकराचा पहारा. पाटलाच्या घरी मुक्कामाला आलेला कापसाचा व्यापारी सकाळी मेलेला सापडतो. पेटी गायब. गाव येसकराला धरतं आणि चावडीच्या खांबाला दोराने बांधतं. मग सराईवरून सकीनाबी येते, सगळ्यांना विचारत हिंडते, आणि शेवटच्या प्रकरणाआधी भिकनभाऊने पुस्तक मिटलं. हात पुढे केला.

"येसकर," रतिलाल म्हणाला.

"येसकरच," तोताराम. "रात्री जागा कोन? तोच."

"बठ्ठं गाव झोपेल व्हतं, जागा तो एकलाच शे," चुडामणआबांनी मान डोलावली.

"आन् पेटी पाहून त्या लोकायची नियत..." रतिलाल बोलता बोलता थांबला. त्याला कोणासमोर बसलो आहोत ते आठवलं. मग तो हसला, आणि सगळेच हसले.

भिकनभाऊचे आजोबा आमच्या गावचे येसकर होते. हे ओट्यावर सगळ्यांना माहीत. त्याचं घर बुद्धविहाराच्या मागे, आमचं वरच्या आळीत, पण ओट्यावर आम्ही एकाच किटलीतला चहा पीत होतो आणि आता कोण काय मानतं, असं समजत होतो.

भिकनभाऊचा हात माझ्यापुढे आला. मी म्हणालो, "हकीम." पुन्हा हशा.

त्याने शेवटचं प्रकरण वाचलं. आवाज नेहमीचाच, खणखणीत. व्यापाऱ्याचा सख्खा पुतण्याच खुनी निघाला. पेटी त्याने पाटलाच्या धान्याच्या कणगीत पुरली होती. पुतण्याला शिपायांनी नेलं, पाटलाने सकीनाबीला लुगडं दिलं, गावाने जेवण घातलं, म्हातारी बैलगाडीत बसून तापीकडे निघाली. समाप्त. आम्ही टाळ्या वाजवल्या. तोताराम म्हणाला, "आज सगळेच हरलो रे, चहा भिकनभाऊले पाजा!"

भिकनभाऊ पानं उलटी चाळत होता. मागे, पुढे, पुन्हा मागे.

"काय शोधतो, भाऊ?"

"दोर कुठं सोडला?"

"कशाचा दोर?"

"येसकराचा. बांधलेला व्हता ना चावडीले."

"सुटला असीन ना! खुनी सापडला म्हटल्यावर."

"असीन नको, रतिलाल. लिहिलंय कुठं? पुतण्याले नेलं, लुगडं दिलं, पंगत बसली. येसकर खांबालेच हाये."

"लिहिनारा तरी किती लिहीन!" तोताराम म्हणाला. "गाडी डेपोत लागली कंडक्टर, आता उतर खाली."

"गाडीत मानूस बांधलेला हाये, तोताराम."

लोक हसले. मीही हसलो, वाक्यच तसं होतं. भिकनभाऊने पुस्तक पिशवीत घातलं, चहा न घेता उठला, आणि दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आठवड्याने मी त्याच्या घरी गेलो. द्रौपदावहिनींनी दारातच विचारलं, "आले का हकीम? कोनती दवा आनली?" पण तोंडावर हसू नव्हतं. चहा मात्र ठेवला.

मी म्हणालो, "भाऊ, रतिलालच्या तोंडाले हाड नही. सोडून दे. अन् मी तर हकीमाचं नाव घेतलं व्हतं."

"घेतलं व्हतं, नाना. हसला मात्र सगळ्यायसंगं."

मी कपातला चहा बशीत ओतला.

मग तो म्हणाला, "तुझी ती घुंगरमाळेची गोष्ट. पुरी येते का तुले?"

"मलेच नही येनार तर कोनाले?"

"माळ हरवली तवा माझ्या आजोबाले चावडीवर बांधलं. उन्हाळा व्हता. माळ सापडली, नारळ फुटला, गूळ वाटला. सगळं तू सांगतो तसंच. फक्त आजोबाले सोडायचं राहून गेलं. रागानं नही रे, कोनी दुष्टपनाही केला नही. आनंदात विसरले. गूळ खात लोक घरी गेले. सांजेले माझी आजी येसकरकीची भाकरी मागायला निघाली तवा तिले दिसलं. तिच्यानं गाठ सुटेना, दातानं सोडली."

बाहेर केळीचा ट्रक गेला.

"आठ भाग वाचले मी तुमच्यापुढं," तो म्हणाला. "वाटायचं, एवढी हुशार म्हातारी, भाकरी थापनारी, लिहिनाराही शिकलेला. कोनीतरी विचारीन. मी दर टायमाले शेवटच्या पानावर पाहायचो, धरलेल्या मानसाचं काय झालं. यावेळी तर आमचाच मानूस व्हता. तिनंही लुगडं घेतलं अन् गेली."

मी घरी आलो. रात्री नातवंडांनी घुंगरमाळेची गोष्ट सांगा म्हणून हट्ट धरला. सुरू केली, बैलाने मान झटकली इथपर्यंत आलो, आणि पुढे नारळ फोडायचा की दोर सोडायचा ते सुचेना. म्हणालो, झोपा.

दिवाळीनंतर नववा भाग आला. प्रज्ञाने नेहमीप्रमाणे बापाच्या नावावर पाठवला. भिकनभाऊने पहिल्यांदाच नियम मोडला, एका बैठकीत सगळा चाळला, आणि माझ्या हातात आणून दिला. "घ्या, वाचा तुम्ही. चांगला हाये. बऱ्हानपूरच्या बाजारात खून होतो."

"येसकर?"

"त्याचं नाव नही."

आता तोताराम वाचतो. अक्षराला अक्षर जोडत, शाळेतल्या पोरासारखा. खून होईपर्यंत आम्हाला डुलकी लागते. मधली खांबाची जागा कोणी घेत नाही. कोणी ठरवलं नाही, पण घेत नाही. रोज दिवेलागणीला भिकनभाऊ दुधाची बरणी घेऊन ओट्यासमोरून जातो. आम्ही म्हणतो, "भाऊ, बस ना!" तो चालता चालता विचारतो, "येसकर सुटला का?" आम्ही म्हणतो, "नही अजून." तो जातो.

पहिले काही दिवस रतिलाल यावर हसायचा. आता तो भिकनभाऊ येताना दिसला की चपला शोधायला लागतो.

परवा तोतारामला राहवलं नाही. भिकनभाऊने विचारायच्या आतच तो ओरडला, "सुटला रे बापा, सुटला! कालच सुटला. ये, बस आता!"

भिकनभाऊ थांबला. खरंच थांबला. बरणी ओट्याच्या कडेला टेकवली आणि हात पुढे केला, तिकीट मागतात तसा.

"कोनत्या पानावर?"

तोताराम हातातलं पुस्तक चाळायला लागला. चष्मा पुसून पुन्हा चाळायला लागला. चुडामणआबा जमिनीकडे बघत होते. सुट्टे देतो म्हणून खिसे चाचपणाऱ्या पॅसेंजरपुढे कंडक्टर उभा राहतो तसा भिकनभाऊ थोडा वेळ उभा राहिला. मग बरणी उचलून गेला. तोताराम तरीही पानं उलटतच होता.