उलांडीपुरती जागा

आमच्या वाटेच्या तोंडाशी काँक्रीटचे खुंट आहेत. गुडघ्याच्या थोडे वर येतील एवढे, पांढरे, वर निळा पट्टा. पर्यटक त्यांच्यावर बसून पायांची वाळू झाडतात. किनाऱ्याचं सुशोभीकरण झालं त्यात ते आले. त्यांच्यासोबत पेव्हर ब्लॉक आले, दगडी बाक आले, ऊन असतानाच पेटणारे दिवे आले, आणि गावाचं नाव लिहिलेली माणसाएवढी इंग्रजी अक्षरं आली. त्यातल्या एकाचा पाय पहिल्याच वर्षी मोडला, आता ते शेजारच्या अक्षरावर रेलून उभं असतं. या सगळ्याबद्दल मी कुणाशीही तासभर बोलू शकतो. फक्त खुंटांचा विषय निघाला की मी चहाचा पेला घेऊन बाजूला होतो. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला लाज वाटते. लाज वाटते हे खरंच, पण ती कशाची हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी मूळचा खाणपट्ट्यातल्या मुळगावचा. आमचा ट्रक होता, खनिजाच्या फेऱ्या मारायचा. खाणी बंद पडल्या तसा तो अंगणात उभा राहिला, त्याच्या टायरांना गवतानं वेढलं, शेवटी विकला. मग बायको-मुलीला घेऊन मी इथं पेडण्यात, समुद्रकाठी, सासुरवाडीला आलो. सासऱ्यांनी माडांमधली जागा दिली. मी तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. त्यांची एक लाकडी होडी. गावात बाकीच्यांनी फायबरच्या घेतल्या, इंजिनं लावली. मामा वल्ह्यावरच राहिले. अशा होडीच्या एका अंगाला उलांडी असते: होडीतून दोन वासे बाहेर काढायचे आणि त्यांच्या टोकांना एक लांब ओंडका बांधायचा. तो पाण्यावर टेकून राहतो, म्हणून इतकी अरुंद होडी लाटेत कलंडत नाही. त्यात खिळा एकही नसतो, सगळी बांधणी सुंभाची. नुसती होडी बघाल तर दारातून आत जाईल. उलांडीसकट बघाल तर तिला अंगण लागतं.

पावसाळ्याआधी होडी वर काढायची आणि माझ्या खोल्यांच्या बाजूला, माडाच्या चुडतांनी शाकारलेल्या खोपीत ठेवायची, हा दर वर्षाचा रिवाज. लाकडी होड्या होत्या तेव्हा बाकीचे लोक उलांडी सोडून ठेवत. मामा सोडत नसत. बोटं चांगली होती तेव्हा त्यांनी ती स्वतः बांधली होती. पुढं बोटं आखडत गेली. वल्हं धरता यायचं, गाठ मारता यायची नाही. "ही बांधणी माझ्या जन्माक पुरतली," असं म्हणायचे आणि तिच्यावर खोबरेल चोळायचे.

आता त्या दिवसाचं सांगतो.

कामाचा इंजिनियर आला तेव्हा मामा समुद्रावर होते. पोरगेलासा माणूस, डोक्यावर टोपी, हातात खडू. त्याला वाटेचं तोंड बंद करायचं होतं, कारण पर्यटक जीपा थेट वाळूत घालतात, रुततात, आणि मग गावाला ढकलायला बोलावतात. जवळचं घर माझं, म्हणून त्यानं मला विचारलं, दोन खुंटांमध्ये जागा किती सोडू?

ट्रक चालवलेल्या माणसाला रुंदी नजरेनं कळते. मी म्हटलं, "जीप अडेल एवढीच ठेवा."

त्यानं खडूनं खूण केली आणि वर बघितलं. "इथून होड्या वगैरे जातात का?"

"एक जाते," मी म्हटलं. "लहान आहे."

लहान आहे. एवढंच म्हणालो. आणि ते म्हणताना मला उलांडी दिसत होती. नेहमीची, तेलानं काळी पडलेली. विसरलो असं मी पुढं सगळ्यांना भासवलं, पण विसरलो नव्हतो. खोप माझ्या सगळ्यात चांगल्या खोलीच्या खिडकीसमोर होती. जाळी, वास, मांजरं. एक जोडपं मुक्काम अर्ध्यावर टाकून निघून गेलं होतं. होडी इथं आली नाही तर खोप हलेल, खोप हलली तर खिडकीतून समुद्र दिसेल, असा विचार डोक्यातून गेला आणि मी त्याला जाऊ दिलं. कट वगैरे काही नाही. इंजिनियर पुढच्या खुणेकडे वळला, मी त्याला नारळपाणी दिलं.

खुंट बसले. मोसम संपला. मामांनी होडी काढायचा दिवस ठरवला. शेजारपाजारचे हात लावायला आले. काम झाल्यावर सगळ्यांना काजूचं उराक आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर, हे ठरलेलं. होडी वाळूवरून चढत आली, पेव्हरवर आली, खुंटांशी आली आणि खटकन थांबली.

"मरे थांब, थांब! उलांडी लागली!"

"वाकडी करून बघ."

"वाकडी करून बायकोक बघ तू. हिका खंय वाकडी करतंस?"

"होडयेक टोलनाको बांधलो रे सरकारान. आदी पावती फाडा."

हसले सगळे. मग त्यांच्यातला एक माझ्याकडे वळला. "जावयबापू, खुणा केल्यो तेव्हा तुमी हंयच होतात ना?"

"होतो."

मी पुढं काही बोलायच्या आत मामाच बोलले. "तेंका कित्याक इचारतंस? ते खाणीकडचे. उलांडी म्हणजे काय तेंका कोणी शिकवलां? ट्रकाचां माप इचार, सांगतले."

पुन्हा हसणं. मीही हसलो. खाणीकडचा माणूस, त्याला काय कळणार, ही सूट मला मामांनी गावासमोर दिली आणि मी ती घेतली. नंतर जो भेटेल तो तीच देत राहिला. "जाऊ दे हो, तुमचो दोष ना." इतक्या वेळा ऐकलं की ते शब्द नुसते लांबून येताना दिसले तरी मी रस्ता बदलायचो.

होडी ताडपत्रीखाली वाळूवर राहिली आणि मी एक खुंट काढून घ्यायला धावाधाव सुरू केली. पंचायतीत गेलो, ते म्हणाले काम पर्यटन खात्याचं. खात्यात गेलो, ते म्हणाले देखभाल अजून ठेकेदाराकडे. ठेकेदाराला फोन केला, तो म्हणाला नकाशात आहे ते लावलं, नकाशा ज्यानं काढला त्याला विचारा. त्याची बदली झाली होती. पुन्हा खात्यात गेलो.

"खुंट काढायचा तर किनारा नियमनाची परवानगी लागेल," टेबलामागचे गृहस्थ म्हणाले.

"लावताना लागली होती?"

"लावताना योजना होती."

"मग काढायची योजना करा."

"तशी मागणी यायला हवी. चूक झालीय असं दिसायला हवं." त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठीही मागवला, हे सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. तिथं कुणीच वाईट नव्हतं, म्हणून तर भांडायला कुणी सापडेना. आणि भांडताना आतून एक आवाज म्हणत होताच की, बाबा, तू कुणाला शोधतोयस?

भरतीचं पाणी रोज थोडं वर येऊ लागलं. एका सकाळी ते ताडपत्रीच्या कडेपर्यंत पोचलेलं होतं. मामांनी कोयता आणला आणि माझ्या हातात दिला. "कापा."

"अजून थोडं थांबू, मामा. एक साहेब येतो म्हणालाय."

"साहेब येतलो. दर्या तेच्या आधी येतलो. कापा तुमी, माझ्या बोटांक जमणां नाय."

सुंभ जुनं होतं, पण कापायला वेळ लागला. आत तेल मुरलेलं होतं. उलांडी सुटली तशी होडी एका अंगाला कलली, चारजणांनी धरली. मग नुसती होडी खुंटांमधून गेली. निळा पट्टा थोडा खरवडला तेवढंच. उलांडी मागून खांद्यावरून आली. उराक सगळ्यांनी घेतलं, पण कुणी बसलं नाही, उभ्या उभ्याच पेले रिकामे करून निघून गेले.

पुढच्या मोसमात होडी खोपीतून बाहेर पडली नाही. उलांडी बांधणारं कुणी उरलं नव्हतं. फायबरवाल्या पोरांना ते काम येत नाही आणि मामांची बोटं मिटत नव्हती. ते सकाळी उठून किनाऱ्यावर जात, नव्या दगडी बाकावर बसत, समुद्राकडे बघत आणि जेवायला घरी येत. पर्यटक त्यांचे फोटो काढत. बायको एकदा म्हणाली, "बाबा आता जेवताना मासळीची चव सांगत नाहीत." तिनं कुणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं. खोप मात्र जागेवरच होती. माझ्या खिडकीतून समुद्र दिसला नाही तो नाहीच.

मग सुशोभीकरणाचा दुसरा टप्पा आला. बाकांच्या बाजूला सभेचा मांडव, खुर्च्या, रंगीत चित्रांचा मोठा फलक. चित्रात आणखी बाक, आणखी दिवे, आणि मधोमध एक लाकडी होडी, आत माती भरून बोगनवेल लावलेली. खात्याचे साहेब म्हणाले, गावाची परंपरा पर्यटकांना दिसायला हवी, कुणाकडे जुनी होडी असेल तर द्यावी. सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. ते मागच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते, चित्राकडे बघत.

मी उभा राहिलो. भाषण वगैरे मला जमत नाही. म्हटलं, "होडी मिळणार नाही. ती पाण्यात जायची आहे. आधी तो खुंट काढा. तिथली जागा मी सांगितली होती. इंजिनियरनं मला विचारलं होतं, आणि मला उलांडी ठाऊक होती. माझ्या खोल्यांसमोर होडी नको होती म्हणून मी बोललो नाही."

मांडवात कुणीतरी खुर्ची सरकवली. साहेबांनी शेजारच्याच्या कानाला लागून काही विचारलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे त्यात चूक नव्हती," ते म्हणाले, अगदी सौम्यपणे. "आम्ही समजत होतो माप चुकलं. चूक असती तर दुरुस्तीत घेता आलं असतं. हे तर स्थानिकांच्या सल्ल्यानं झालंय, तुम्हीच सांगताय. बसा."

इतके दिवस पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली आणि तिनं खुंट आणखी पक्का बसवला. मी बसलो. वळून बघितलं तर मामांची खुर्ची रिकामी होती.

घरी आलो. बायकोनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाबा खोपीत आहेत."

ते उलांडीच्या ओंडक्यावरची धूळ पुसत होते. मी दाराशीच थांबलो. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "म्हापशाच्या बाजारात सुंभ गावता काय बघ. नायलॉन देतले ता हाडू नको."

सुंभ मिळालं. मोसमाच्या तोंडावर नुसती होडी खुंटांमधून बाहेर नेली, उलांडी मागून नेली, आणि खुंटांच्या पलीकडे, वाळूवर बांधायला बसलो. मामा बाकावर, मी खाली. ट्रकावर ताडपत्री आवळायची सवय असलेले माझे हात. ते सांगतात, मी वेढे घेतो. पर्यटक मोबाइल धरून भोवती उभे राहतात. पहिली बांधणी उचलतानाच सरकली. दुसरी त्यांनी बोटानं दाबून बघितली आणि म्हणाले, "ह्यो ट्रक नाय. इतकी आवळू नको. लाटेत हलाक जागा होयी."

आज तिसरी बांधली. उन्हं कलली होती, दिवे नेहमीप्रमाणे आधीच पेटले होते. मामा बाकावरून उठले, ओंडक्यावर पाय ठेवून त्यांनी सगळं वजन टाकलं. बांधणी कुरकुरली, पण धरून राहिली. त्यांनी पाय काढला, पुन्हा ठेवला, समुद्राकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, ढकल पाण्यात.

"सोड," ते म्हणाले. "परत बांध. आता ही दर वर्सा सोडूक लागतली."

मी गाठ सोडायला घेतली.