ओळखीच्या माणसाचे दात

मंडळी, आज दुपारी भंडाऱ्यात दातांच्या दवाखान्यात माझी लबाडी उघडी पडली.

माझी मुलगी सारिका हिच्या दातांना तारा लावायच्या होत्या. मी विचारत सुटलो. दुखेल का? किती दिवस लागतील? मुरमुरे खाता येतील का? डॉक्टर मॅडम शांतपणे सांगत होत्या की सुरुवातीला थोडं ठणकेल, दीड-दोन वर्षं लागतील आणि कडक खाणं बंद.

मग मी हळूच म्हणालो, "आमच्या ओळखीचा एक जण आहे, पन्नाशीचा. त्याले चालते का?"

"हिरड्या मजबूत असल्या तर वयाची अडचण नाही."

सारिका हसली. "बाबा, तो ओळखीचा भजनात खंजेरी वाजवते काय?"

माझी मान खाली गेली.

ऐंशीच्या दशकात आमच्या करडी गावच्या शाळेत पोरं माझ्या पुढे आलेल्या दातांवरून "ए फावड्या, हासून दाखव" म्हणायची. तेव्हापासून मी तोंडावर हात धरूनच हसतो. भजनात हात मोकळे नसतात, म्हणून खंजेरीच तोंडापुढे धरतो. लोकांना वाटतं, हा देवात रमला आहे. मीही तसं वाटू दिलं. दातांची लाज जुनीच होती. आज या ढोंगाची वाटली, तीही लेकीसमोर.

"बसा काका, तोंड उघडा," मॅडम म्हणाल्या. माझा हात सवयीनं वर गेला. सारिकानं तो धरून ठेवला.

संध्याकाळी भजन आहे. खंजेरी छातीशी धरून गाईन म्हणतो.

तुमच्यापैकी कोणी या वयात तारा लावून घेतल्या का? आणि घरच्यांपासून असं काही लपून राहिलं का हो कधी?