ओल्या कोब्यावर बसलेलं लेकरू

पट्टी तशीच होती. गाठ तशीच होती. खांबाला बांधलेलं टोक बी तसंच. लेकरू तेवढं नव्हतं.

गाठीचा तो गोल मी हातात घेतला... माझी तीन बोटं जेमतेम जात होती त्यात. लेकराचा पाय त्यातून निघाला कसा? गाठ सुटलेली न्हाई, पट्टी फाटलेली न्हाई. समोर चार-पाच पायऱ्या अन् खाली पाणी. हिरवं, खोल. मी ओरडले म्हणतेत लोक, मला आठवत न्हाई. मला एवढंच आठवतं की पाण्यावर एक बी तरंग नव्हता, अन् त्याचीच मला जास्त भीती वाटली.

थांबा, नीट सांगते. आमचे मालक म्हणले, असं मधूनच सुरू केलंस तर कुणाला काय कळायचं न्हाई. मी हे फोनमध्ये बोलून लिहायलेय, चुकलं-माकलं तर समजून घ्या. सातवी शिकलेय मी. पण जे सांगायलेय ते माझ्या डोळ्यानं बघितलेलं हाय, कुणाचं ऐकलेलं न्हाई.

अन् आधीच सांगते, असल्या गोष्टीवर माझा कधीच विश्वास नव्हता. सासूबाई रस्त्यात लिंबू दिसलं तर वळसा घालून जातेत, मी मुद्दाम त्याच्यावर चप्पल ठेवून जायचे. शौर्य पोटात होता तवा ग्रहण पडलं. सगळ्या म्हणल्या, हात जोडून बस, चाकू धरू नको. मी मेथी निवडली, कांदे चिरले, पोटभर जेवले. पोरगं एकदम ठणठणीत झालं. त्यामुळं मला कुणी भित्री समजू नका.

गाव आमचं परभणीहून गंगाखेडला जाताना पोखर्णी सोडली की पुढं, रोडवरून आत. नाव लिहीत न्हाई, उगं लोक गाड्या घेऊन येतेत. शाळेच्या मागं उतारावर जुनी बारव हाय, दगडाची, चारी बाजूनं पायऱ्यांची. मी लग्न करून आले तवा ती बारव नव्हतीच, उकिरडा होता. बाभळी अन् गाळ अन् फुटक्या घागरी. गाळ काढला तवा कळलं की खाली केवढं हाय ते. पाण्याच्या वरच्या टप्प्यावर एका बाजूला मंडप निघाला — खांब, वर दगडाचं छत, तीन बाजूनं सलग भिंत. आत जायला समोरून एकच वाट. हे ध्यानात ठेवा.

हे सगळं झालं ते जुन्या वास्तू सांभाळायच्या सरकारी ग्रँटमुळं. ग्रँट म्हणलं की आमच्या गावाला गटार नायतर रस्ता एवढंच मालूम. ही ग्रँट येगळी. सिमेंट चालत न्हाई. जसं पहिलं होतं तसंच करायचं, चुन्यातच. काम पुरं झालं की रोडवर बोर्ड लागणार, बाहेरगावचे लोक बघायला येणार, अन् आमच्या बचत गटाला वर चहा-नाष्ट्याचं दुकान देणार, असं सरपंच भर सभेत बोलले होते. आमी बायका तर दुकानाला पडदा कोणत्या रंगाचा लावायचा इथपर्यंत गेलो होतो.

कामावर आमी बायकाच जास्त. चुना भिजवायचा, चाळायचा, त्यात गुळाचं पाणी अन् बेलफळाचा चीक घालायचा. मंग मंडपात तो पसरून रांगेत बसून लाकडी थापीनं ठोकत राहायचं, दिवसच्या दिवस. त्याला कोबा म्हणतेत. गयामाय आमची म्होरकी. ती म्हणायची, एवढं नवऱ्याला ठोकलं असतं तर एखादीचा तरी सुधारला असता. सगळ्यात शेवटी वरचा थर घोटून घोटून आरशासारखा करतेत. तो थर ओला असला की बोट टेकलं तरी ठसा उठतो. अन् ओला चुना अंगाला लय वाईट. माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या, मोठ्या माणसाची ही गत, मंग लेकराच्या कातडीचं काय.

साईटवर लेकरं आणायची न्हाईत, असा ग्रँटचा नियम होता. नियम करणाऱ्याला काय, अंगावर पिणारं लेकरू कुणाकडं ठेवायचं? सासूबाईच्यानं रांगतं पोर आवरत न्हाई. सुपरवायझर बालाजी भाऊ डोळेझाक करायचा. साहेब लोक यायचे असले की म्हणायचा, आज माल झाकून ठेवा. माल म्हणजे आमची लेकरं.

त्या दिवशी ग्रँटवाल्या मॅडमची टीम येणार होती. मंडपाचा कोबा बघून पुढच्या कामाला मंजुरी देणार होती. सकाळीच घोटाई झाली. मामू, म्हणजे चुन्याचे गवंडी, नांदेडकडचे, म्हातारं माणूस, त्यांनी मंडपाच्या तोंडाला आडवी दोरी बांधली अन् स्वतः तिथंच बसले, कुत्रं-मांजर आत जाऊ नये म्हणून. मी शौर्यला पाण्याच्या पलीकडच्या बाजूला, ओवरीतल्या खांबामागं बांधलं. पायाला जुन्या लुगड्याची पट्टी, दुसरं टोक खांबाला. नाकं मुरडू नका, आमच्याकडं कामावरच्या सगळ्या बाया असंच करतेत. रांगतं लेकरू अन् जवळ पाणी, दुसरं काय करणार. पाजलं, झोपवलं, वर जाऊन चुना चाळायला लागले. मधी एकदा येऊन बघितलं, झोपलं होतं. दुसऱ्यांदा आले... तवा हे असं.

गयामाय माझा आवाज ऐकून पळत आली अन् लुगड्यासकट पाण्यात उतरली, पायानं चाचपत. मी तिच्या मागं. कंबरेइतक्या पाण्यात आमी दोघी. मला तर पाण्यात हात घालायची बी हिंमत होईना, हाताला काय लागलं असतं म्हणजे...

तेवढ्यात मामूचा आवाज आला. लय हळू. "बेटी... इधर देख."

मामू दोरीपाशी उभे होते, तोंड पांढरं पडलेलं. अन् त्यांच्या मागं मंडपात, कोब्याच्या अगदी मधोमध, माझा शौर्य बसला होता.

पाठ आमच्याकडं. रडत नव्हता. समोरच्या भिंतीत एक रिकामी देवळी हाय, आतली मूर्ती कवाच गेलेली. तिच्याकडं तोंड करून मान डोलवत होता. कुणी काही सांगायलंय अन् ह्याला पटायलंय, असं.

अन् कोबा... कोबा जसा सकाळी घोटला तसाच. दोरीपासून लेकरापर्यंत एक ठसा न्हाई. हाताचा न्हाई, गुडघ्याचा न्हाई, मुंगी गेल्याची रेघ न्हाई. वरचं छत बी त्यात दिसत होतं, एवढा साफ. गयामायनं बघितलं, मामूनं बघितलं, वरून पळत आलेल्या चार जणींनी बघितलं. मला एकटीला दिसलं असतं तर मीच म्हणलं असतं, ऊन लागलं.

"मैं हिल्या नै, माय," मामू गयामायला म्हणत होते. "यहींच बैठ्या था."

मामू म्हणले फळ्या टाकू, फळीवरून जा, थांब. फळ्या वर होत्या. गयामाय म्हणली, ठसे पडले तर टीमला काय दाखवायचं, दोन मिनिटं थांब गं. पण शौर्यनं हात खाली नेला. कोब्याकडं. अन् त्याची सवय, हाताला लागलं की तोंडात. मी दोरीखालून गेले. पाय रुतायला लागले, थंड, मंग गरम, मंग आग. गेले, उचललं, अन् आल्या वाटेनं माघारी.

बाहेर येऊन पहिलं त्याला उघडं करून बघितलं. ढुंगण कोरडं. तळपाय कोरडे. चड्डीला चुन्याचा कण न्हाई. तो बसला होता त्या जागी बी, मामूनं नंतर वाकून बघितलं, बसल्याची खूण न्हाई. माझ्या पायाला मातर दोन दिवसांनी फोड आले, डाग अजून हायेत.

अन् त्याच्या डाव्या तळपायाला तीट होती.

काजळाची. ताजी, गोल, बोटानं टेकवलेली. मी गालाला लावते, तळपायाला आजवर कधी लावली न्हाई. सगळ्यांना इचारलं. सकाळपासून चुन्यात बसलेल्या बाया, कुणाच्या हाताला काजळ असणार? गयामायनं पदरानं पुसून बघितली, जाईना.  

तेवढ्यात वर गाडीचा हॉर्न वाजला. टीम आली.

बालाजी भाऊ धावत खाली आला, कोब्यावरचे माझे ठसे बघितले अन् डोक्याला हात लावला. मी सांगायला लागले तर ऐकून घेईना. म्हणला, "पोराला गयामायकडं दे, वर पाठव. मॅडमनी इचारलं तर म्हण, चुकून पाय पडला. आत लेकरू-बिकरू काय नव्हतं. साईटवर लेकरू होतं एवढं जरी कळलं तरी आजच काम बंद पडतंय. मंग बसा सगळ्या जणी घरी."

त्याचं खोटं नव्हतं. पाच महिन्यांनी गावातच काम मिळालं होतं बायकांना. गयामायनं हात पुढं केले, आण इकडं. बाकीच्या सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायलेल्या. मी लेकरू दिलंच न्हाई. का न्हाई दिलं ते इचारू नका, हात सुटेनात.

मॅडम आल्या. चांगल्या होत्या हो, खोटं कामून बोलू. शांत आवाज. कोबा बघितला, ठसे बघितले, माझ्या पायाकडं बघितलं, कडेवरच्या शौर्यकडं बघितलं. म्हणल्या, "ताई, तुम्ही आत का गेलात?"

बालाजी भाऊ मधीच म्हणला, नवीन हायेत मॅडम, चुकून गेल्या. मॅडम म्हणल्या, त्यांना बोलू द्या. अन् मला परत इचारलं, सरळ, "बाळ आत होतं का?"

मी तोंड उघडलं. न्हाई म्हणायचं होतं. आत लेकरू नव्हतं, एवढंच. खरंच सांगते, न्हाई म्हणायलाच तोंड उघडलं होतं.

पण आमी उभ्या होतो त्या मंडपाच्या तोंडाशीच. दोरीला माझा पदर लागत होता. अन् माझ्या मनात आलं — ज्यानं कुणी माझ्या लेकराला त्या चुन्यावर टेकू दिलं न्हाई, ज्यानं त्याला नजर लागू नये म्हणून पायाला तीट लावली, त्याच्या समोर मी म्हणायचं की आत लेकरू नव्हतंच? आत होतं ते माझं न्हाई? मंग कुणाचं? आतल्यानं ते ऐकलं असतं तर? माझं न्हाई म्हणल्यावर ठेवून घ्यायला त्याला कुणाची परवानगी लागणार होती?

मी मॅडमकडं बघितलंच न्हाई. मंडपाकडं तोंड केलं अन् जोरात म्हणलं, "होतं. माझंच लेकरू होतं. माझंच हाय."

आत आवाज घुमला. शौर्य हसला.

काम त्याच दिवशी बंद पडलं. मॅडमचा बी इलाज नव्हता, लेकरू साईटवर होतं हे त्यांनी डोळ्यानं बघितलं होतं अन् मी तोंडानं कबूल केलं होतं. चौकशी होईल म्हणल्या. अजून चालूच हाय. कोबा तसाच वाळला, माझे ठसे जाणारे अन् येणारे, दगडासारखे. बाभळी परत उगवायल्यात. मालक म्हणतेत कुणीतरी वरून दोरीनं सोडलं असंल. वर छत हाय, एक भोक न्हाई. सासूबाई म्हणतेत मामूनंच ठेवलं. मंग मामूचे ठसे कुठं हायेत? गावात आता नव्यानं गोष्टी निघायल्यात, म्हणे बारवेत फलाणी सून बुडून गेली होती. ह्याआधी कुणी कधी सांगितली न्हाई ती गोष्ट, माझा त्याच्यावर काडीचा विश्वास न्हाई. तीट चौथ्या दिवशी आपोआप गेली. काय होतं, कोण होतं, मला आज बी मालूम न्हाई, अन् मालूम हाय असं म्हणणाऱ्याचं मी ऐकत बी न्हाई.

पण बायका माझ्याशी बोलत न्हाईत. दळणाला गेले की गप होतेत. गयामाय काल नळावर भेटली, घागर भरता भरता म्हणली, एक न्हाई म्हणायचं होतं गं तुला, एकच शब्द, त्याच्यावर आमच्या सगळ्यांच्या चुली होत्या.  तिचं बी चुकलं असं मला म्हणता येत न्हाई.

म्हणून तुमाला इचारायलेय. उगं बसल्या जागी सांगू नका. आधी तुमचं लेकरू कडेवर घ्या, त्या दोरीपाशी उभं राहा, पाठीमागं सगळ्या बाया बघायलेल्या हायेत अन् समोर आत अंधार हाय... अन् मंग सांगा, तुमी काय म्हणलं असतं?