पाहुण्यांकडे पाठ

…तर ती रिबन. काल बोलणं तिथेच अडलं होतं. लाल, चकचकीत, चार बोटं रुंद रिबन. तरणतलावाच्या काठाला, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधलेली. पोराला पाण्यात उतरायचं तर आधी ती कापली पाहिजे. कापणार कोण? प्रमुख पाहुणे. पाहुणे कुठे? "निघालेत." सकाळपासून निघालेलेच होते ते! एवढ्या वेळात पनवेलचा माणूस पायी आपट्याला जाऊन, पाताळगंगेत हातपाय धुऊन, वाटेत चहा पिऊन परत आला असता.

आणि रिबनीच्या अलीकडे पोरं. लहान, नवशिकी, जन्मात पहिल्यांदा पोहण्याच्या स्पर्धेला आलेली. अंग मोकळं व्हावं म्हणून सकाळी एकदा पाण्यात उतरवून वर काढली, मग रिबन बांधली, आणि तेव्हापासून तशीच ओली, डिसेंबरच्या वाऱ्यात उभी. ओठ बघाल तर जांभळं खाल्ल्यासारखे. बाजूला मांडवात पांढऱ्या खोळीचे सोफे मांडलेले. एक पोर बिचारं टेकायला गेलं तर त्याला उठवलं, का, तर सोफा ओला होईल! पोर ओलं आहे, त्याचं कुणाला काही नाही.

हौसाताई हे सगळं बघत होती, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला चालली होती.

हौसाताई म्हणजे करंज्याच्या कोळीवाड्याची लेक. बापाची होडी. ही चालायच्या आधी पोहायला लागली असं तिची आई सांगायची. कोळणीचं बोलणं, त्यातलं थोडं मीठ झटकून घ्यावं, पण खोटं नाही. जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवणाऱ्या महादेवाशी लग्न होऊन ती पनवेलात आली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत टोपलीतल्या खेकडीसारखी तडफडू लागली. पुढे जवळच्या एका सोसायटीने तरणतलाव बांधला, बायकांच्या वेळेला लक्ष ठेवायला बाई हवी होती, ही गेली. लक्ष ठेवता ठेवता शिकवायला लागली. आज त्या भागातली अर्धी पोरं तिच्या हाताखालून तरंगलेली आहेत. आवाज म्हणाल तर मासळीच्या लिलावात तयार झालेला. तिने हाक मारली की पाण्याखालचं पोरसुद्धा वर येऊन "काय ताई?" म्हणतं.

पोराला पहिल्या स्पर्धेला न्यायची तिची रीत ऐकण्यासारखी आहे. आधी महिनाभर रविवारी खोटी स्पर्धा. पोरांना रांगेत बसवायचं, नावं पुकारायची, आणि एक जण पोहत असताना बाकीच्यांनी काठावर स्टीलची ताटं बडवायची. "पोर आधी गोंगाटानं बुडतं, पानी मागनं येतं," हे तिचं शास्त्र. आणि या खोट्या स्पर्धेत पाळी लागायची ती जिंकायची नव्हे, शेवटचं यायची! आज पूर्वी नावाची पोर शेवटची, पुढच्या रविवारी इमाद. शेवटच्याला सगळ्यांनी टाळ्या द्यायच्या. एका बापाला हे झेपलं नाही. म्हणाला, "ताई, पोराला हरायला शिकवायला पाठवतो का आम्ही?"

"जिंकायला तुमी घरी शिकवताच की," हौसाताई म्हणाली. "उरलेलं मी शिकवते."

असं सगळं शिकवून तिने गेल्या वर्षी प्रणितला अशाच एका स्पर्धेला नेलं होतं. तिथेही पाहुणे, तिथेही वाट बघणं. प्रणित उभ्या उभ्या थंडीने आणि धास्तीने ओकला. त्याची आई त्याला पाण्यात न उतरवताच घेऊन गेली. तो गेला तो गेलाच. आता भाजीबाजारात हौसाताई दिसली की आईच्या मागे लपतो. तुम्हीच सांगा, पोराने हिच्यापासून लपावं? हिने त्याचं काय केलं होतं? हा काटा तिच्या मनातून निघाला नव्हता.

आणि आज तिच्यासमोर आयत उभी होती. आठ वर्षांची, काडीसारखी. बाप कतारला, आई सकीना इथे. पावसाळाभर ही पोर तलावाच्या पायरीवर बसून नुसते पाय हलवत होती. दिवाळीला तोंड पाण्यात घातलं. आत्ता कुठे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागली होती.

सकीना तिला छातीशी धरून हौसाताईजवळ आली. "ताई, सकाळी हसत निघालेली ही. आता बघा, बर्फ झालेत हात. किती इंतजार करायचा? मी घेऊन जाते घरी."

"जरा थांब गं."

तेवढ्यात आयत हळूच म्हणाली, "ताई, कसं पोहायचं ते मला आठवतच नाही."

बस्स. हौसाताई वळली आणि तरातरा मांडवात गेली.

मांडवात मिथुन. आयोजक मंडळाचा अध्यक्ष, गळ्यात चेन, कानाला मोबाईल. याला लहानपणी मानेला धरून तरंगायला शिकवलं कुणी? हिनेच.

"मिथ्या, शर्यत सुरू कर."

"ताई, साहेब पळस्प्याला पोचलेत."

"मगाशी पन पळस्प्यालाच व्हते. तिकडं घर बांधलं काय त्यांनी?"

"ट्रॅफिक असतं गं. आणि उद्घाटनाशिवाय कसं सुरू करणार? बॅनरवर फोटो कुणाचा आहे बघ."

"तुजा पन हाय की, त्यांच्याहून मोठा. तू तर हाजर हायस. काप तूच."

"मरवशील मला!"

हौसाताईने पुढे वाद घातला नाही. टेबलावर सत्काराच्या शालींची चळत होती, नारळांच्या शेजारी. तिने ती अख्खी चळत काखेत मारली आणि चालायला लागली.

"ताई! ताई, त्या सत्काराच्या शाली आहेत!"

"मग सत्कारच करते. गार वाऱ्यात येवढा येळ हुबी ऱ्हायली ही पोरं. सत्कार यांचा नाय तर कुनाचा?"

आणि तिने एकेका पोराला शालीत गुंडाळलं. काय शोभा होती म्हणून सांगू! जरीच्या काठाच्या शाली, वर रबरी टोप्या, डोळ्यांवर गॉगल. वीसएक छोटे अध्यक्ष दात वाजवत उभे! आईबाप आधी बिचकले, मग हसले, मग त्यांच्यातलाच एक जण ओरडला, "आता सुरू करा हो!" एवढा वेळ हे सगळे गप्प होते बरं का. शिकलेसवरलेले लोक, स्वतःची पोरं कुडकुडतायत आणि हे घड्याळ बघतायत. कुणीतरी आधी बोलावं लागतं.

मिथुन धावत आला. "ताई, रिबनीला हात लावू नको, हात जोडतो."

"कोन लावतंय?" ती पोरांकडे वळली. "शाली काढा. रिबनीला कुनी शिवायचं नाय. वाका आनि खालनं चला."

पोरं वाकली आणि रिबनीखालून पलीकडे गेली. पोरांना तर हा खेळच झाला. हौसाताईसुद्धा गुडघ्यावर हात देऊन खालून गेली, आणि पलीकडून म्हणाली, "तुजी रिबन जशी व्हती तशी हाय. करंज्याला लिलाव कुनासाठी थांबला तर मासळी सडते रे. मंग गिऱ्हाईक किती का मोठं असंना, खानार काय?"

शिट्टीवाल्या पंचाने एकदा मिथुनकडे पाहिलं, एकदा पोरांकडे पाहिलं. तोही माणूसच. त्याने शिट्टी वाजवली.

पहिल्याच फेरीत आयत होती, काठाजवळच्या लेनमध्ये. बाकीची पोरं हात मारत पुढे गेली, आयत मागे पडली, पण पोहत होती. आठवलं होतं तिला. अर्ध्यावर आली, आणि नेमकी त्याच वेळी फाटकाशी फटाक्यांची माळ लागली. बँजो सुरू झाला. लाऊडस्पीकर गर्जला, "आपले लाडके प्रमुख पाहुणे यांचं आगमन होत आहे! सर्वांनी उभं राहून स्वागत करावं!"

झालं. सगळी माणसं उठून फाटकाकडे वळली. पंचसुद्धा वळले. जिच्यासाठी हा सगळा मांड मांडला ती पोर पाण्यात, आणि सगळ्यांच्या पाठी पाण्याकडे! आयतने डोकं वर काढलं, कुणीच बघत नाही असं पाहिलं, आणि लेनची दोरी पकडून थांबली.

एकच माणूस वळलं नव्हतं. हौसाताई. ती काठाला उकिडवी बसली होती, आणि पाहुणे हार-तुऱ्यांसकट थेट तिच्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"ताई, साहेब आलेत," मिथुन कासावीस होऊन कुजबुजला. "पोरीला बाहेर काढ. निदान वळ तरी!"

तिने ऐकलं की नाही देव जाणे. "आयत, माज्याकडं बघ. तो आवाज आपला नाय."

"संपली ना ताई शर्यत?"

"कुनी सांगितलं? तू हायस ना पान्यात? मंग चालू हाय."

आयतने दोरी सोडली. हौसाताई काठाकाठाने तिच्याबरोबर सरकत गेली, पाहुण्यांकडे पाठ ती पाठच. मागे रिबन कापली गेली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. तिने मान वळवली नाही. आयतचा हात भिंतीला लागला तेव्हा सकीना तोंडात ओढणी धरून रडत होती. आणि आयत? पायरीवर चढता चढता तणतणली, "मी दोरी ओढली नाही हां ताई! नुसती धरली. धरलेली चालते, ओढली तरच बाद!" अशी पोर आता पाणी सोडते होय?

पाहुणे मात्र दुखावले होते. हार गळ्यात, कात्री अजून हातात. जवळ येऊन म्हणाले, "बाई, एवढी माणसं उभी राहिली आणि तुम्ही पाठ करून बसलात. ही काय रीत झाली?"

हौसाताई काय म्हणाली ते शब्दाला शब्द असं:

"साहेब, तुमी जमिनीवर व्हते, तुमी काय बुडनार नव्हते. पोर पान्यात व्हती. आता ती वर आलीय. सांगा, तुमाला रामराम आधी घालू, का तिचं डोकं आधी पुसू?"