मोकळा ऐतवार

"आबा, शनवार केला त्येंनी."

नॉर्बर्ट डेलवोनं पाटावरच्या बैलाच्या शेपटीवर उगारलेला सुरा तसाच धरला. "कुणी?"

"कोण करतंय दरसाली? टीव्हीवाल्यांनी. ऐतवारचा सामना उचलला आन् शनवारी टाकला. साडेतीनला सुरू. माझं लगीन पाचला."

"मिनेसोटासंगटचा?"

"त्योच. माझ्या सासरचा."

टेसा, त्याच्या जोडी नावाच्या लेकीची पोर. शेडच्या दारात उभी राहून बुटांवरचं बर्फ झटकत होती. नवरदेव कोल्बी शेजारच्या मिनेसोटा राज्यातला. म्हणजे आमच्या ग्रीन बे गावच्या हिशेबानं भावकीतला, आणि भावकीतल्यांचं एकमेकांशी जेवढं पटतं तेवढंच ह्या दोघांचं फुटबॉलमध्ये पटतं. सामना इथंच, गावच्या मैदानात, म्हणजे आता वराकडची माणसंही सामन्याला जाणार आणि वधूकडचीही. मांडवात उरणार ती टेसा, कोल्बी आणि फादर. त्यातही फादरचा भरवसा नव्हता.

लग्नाची तारीख नॉर्बर्टनंच काढून दिली होती.

आमच्याकडं तारीख काढणं हे सोपं काम नाही. जानेवारीत फुटबॉलचा मोसम सरला की पुढच्या साली आपली गाठ कुणाकुणाशी, ते लगेच कळतं. भावकीतले, म्हणजे आपल्याच गटातले, तीन संघ, त्यांच्याशी दोनदा, एकदा त्यांच्या दारात, एकदा आपल्या. बाकीच्या आळ्यांतल्या संघांची पाळी ठरलेली, आणि त्यातही गेल्या साली आपण ज्या पायरीवर थांबलो त्याच पायरीवरचे काही जण आपल्या वाट्याला. पण कधी, ते मे महिन्यापर्यंत कोणी सांगत नाही. आणि लग्नाचा हॉल तर जानेवारीतच धरावा लागतो. ह्या मधल्या अंधारात ग्रीन बेची माणसं आपली लग्नं, पोरांचे बाप्तिस्मे, गुडघ्याची ऑपरेशनं चाचपडत ठरवतात. मोसमात एक आठवडा संघाला सुट्टी असते, तो नेमका कुठं पडेल हे ज्याला सांगता येईल त्याला गाव डोक्यावर घेईल.

नॉर्बर्टला ते बऱ्यापैकी सांगता यायचं. कसं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. माणसं त्याच्या शेडमध्ये यायची, डेगीत डोकावायची, हवापाण्याचं बोलायची, आणि जाता जाता विचारायची, औंदा सुट्टी कवा पडंल रं? तो ढवळता ढवळता सांगायचा. तो बूया रांधणारा. कोंबडी, बैलाच्या शेपटीचं मांस, कांदा, बटाटा, कोबी, सगळं एका प्रचंड डेगीत लाकडाच्या जाळावर दिवसभर शिजवायचं आणि वल्ह्याएवढ्या लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं. चर्चची जत्रा, मयताचं जेवण, सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेरचा गोतावळा, सगळीकडं डेग नॉर्बर्टची. बापाची विद्या, बापाची डेग. मैदानातली दरसालची राखीव खुर्चीही बापाचीच.

टेसाला सुट्टी मिळणार ती नाताळात. नॉर्बर्ट म्हणाला, नाताळाच्या अलीकडचा शनवार धर. सामना ऐतवारी. शनवारी खा, प्या, नाचा. मे महिन्यात वेळापत्रक आलं तेव्हा त्या आठवड्यापुढं लिहिलेलं, शनिवार किंवा रविवार, मागाहून ठरेल. त्यानं चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, आपल्यावर न्हाई येत त्ये. आणि ते आलं.

पूर्वी असलं मागाहून काही नसायचं. बापाच्या वेळी बँकवाले खिशात मावेल एवढं वेळापत्रक छापून द्यायचे. बाप ते टोपीच्या पट्ट्यात खोचायचा आणि मोसमभर त्याला पुन्हा बघायची गरज पडायची नाही. ऐतवार, दुपार. सकाळी चर्च, घरी येऊन सूप, मग पायी मैदान. नाताळाच्या आत सगळं आवरलेलं. एखादा सोमवार रात्री निघाला तर म्हातारा चिडायचा, सोमवारी माणसं कामाला जात्यात का न्हाई?

आणि त्या काळी आपले घरचे थोडे सामने दूर दक्षिणेला, मिलवॉकीत व्हायचे. संघ तिकडं, पाहुण्यांचा लोंढा तिकडं. त्या ऐतवारी ग्रीन बे मोकळं. कुणी छपराची कौलं बदलून घ्यायचं, कुणी विहिरीचा पंप दुरुस्त करायचं. आणि लग्नं तर हमखास त्याच्या आदल्या शनिवारी. लॉजमध्ये जागा मिळायची, रस्ते रिकामे असायचे, फादरही घाई करायचा नाही.

नॉर्बर्टचं आणि आर्लीनचं लग्न असंच ऑक्टोबरात झालं. शनिवारी दुपारी सुरू झालेलं नाचणं संपलंच नाही. आर्लीनच्या मामानं कॉन्सर्टिना, हातातली भात्याची पेटी, खाली ठेवली ती फक्त जेवायला. ऐतवारी सकाळी माणसं चर्चला जाऊन पुन्हा तिथंच आली. उरलेली बूया गरम केली, खिडकीच्या फळीवर रेडिओ ठेवला, मिलवॉकीतला सामना ऐकत पुरुष पत्ते खेळले, बायकांनी चपला काढून पाय बाकावर टाकले. कोणाला कुठंही जायचं नव्हतं. आर्लीन पुढं जन्मभर सांगायची, ह्या माणसानं मला मोकळ्या ऐतवारात बसवली. सामना असता तर अजून कुंवारीच असते.

तिचं खोटं नव्हतं. लेक जोडी जन्मली तेव्हा नॉर्बर्ट मैदानात होता. सामना संपवून दवाखान्यात आला आणि मुलगा की मुलगी हे विचारायच्या आधी त्यानं आर्लीनला गुण सांगितले. जोडी अजून ऐकवते. घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यानं चुकवला नव्हता. तापात गेला, पाठ धरली तेव्हा काठी टेकत गेला, आर्लीन गेली त्या आठवड्यातही गेला आणि मान खाली घालून बसला.

नव्वदीच्या दशकात मिलवॉकीचे सामने बंद झाले. आता सगळेच ग्रीन बेत. गाव खूश. नॉर्बर्टनंही टाळ्या वाजवल्या. घरी जाताना आर्लीन गाडीत म्हणाली, "मंग आता लग्नं कवा करायची माणसांनी?" तेव्हा तो हसला होता.

शेडमध्ये टेसा मोडक्या स्टुलावर बसली. सकाळपासून काय काय झालं ते तिनं सांगितलं. फादर म्हणतो, सकाळी दहाला लावून टाकू, दोनला सगळे मोकळे. आई म्हणते, तसंच कर. कोल्बीचा बाप तर फोनवर हसायलाच लागला, म्हणाला, आमच्याकडं ह्याला शुभशकुन म्हणतात.

"मग कर की दहाला," नॉर्बर्ट म्हणाला.

"आन् दोनला काय? नवरी बसलीया आन् लोक घड्याळं बघत्यात? जेवणाच्या ताटावरनं उठून पळत्यात? तसलं नको मला. मी पाचलाच करणार. यील त्यो यील."

"कोणी न्हाई येणार."

"म्हाईत हाय." तिनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "तू कुठं असशील पाचला?"

नॉर्बर्टनं शेपटीचा तुकडा पाटावर उलटा केला, पुन्हा सुलटा केला. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर बर्फ ढकलत गेला. टेसा रडली नाही, रागावली नाही. तिनं नुसतं विचारलं होतं आणि ते उत्तरासाठीच विचारलं होतं.

मग त्यानं विचारलं, "हॉलच्या मागं आंगण हाय का?"

"हाय."

"लाकूड जाळू देत्यात?"

"इचारावं लागंल. का?"

"इचार. हाटेलातनं जेवण मागवलंस त्ये नको म्हणून सांग. पाचला लगीन म्हंजी साताला जेवण. सकाळी डेग चढवावी लागंल. आन् ढवळणाऱ्याला हलता येत न्हाई. खाली लागती."

टेसानं त्याच्याकडं नीट पाहिलं. तो पाटाकडं बघत होता.

"सामना, आबा."

"व्हईल की त्यो. मी गेलो तरच व्हतो का?"

"आन् खुर्ची?"

"शेजारच्या लेरॉयला देतो. इतकी वर्सं मागून मागून मागायचंच इसरलाय बिचारा. न्हाईतरी कांदा कापायला त्यो काय कामाचा?" त्यानं सुऱ्याचं पातं अंगठ्यावर तपासलं. "तुझ्या नवऱ्याच्या बापाला सांग, रेडिओ माझ्यापाशी आसंल, हॉलच्या मागं, जाळाशेजारी. आत आणायचा न्हाई. ज्याला ऐकायचाय त्यानं भाईर यावं आन् ढवळायला लागावं."

"मंग सगळं मिनेसोटा तुझ्याच मागं येऊन उभं ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे. हात तरी लागत्याल."

टेसा उठली. त्याचा हात हातात घ्यावा असं तिच्या मनात आलं असावं, पण त्याचे दोन्ही हात चरबीनं माखलेले आणि हातात सुरा, तेव्हा तिनं त्याची टोपी तेवढी कानावर ओढली आणि मोजे चढवत बाहेर गेली. अंगणातूनच ती कोणाला तरी फोनवर सांगत होती, पाचलाच, हो, पाचलाच.

नॉर्बर्टनं शेडचं दार पायानं लोटून घेतलं. आज चर्चमध्ये संध्याकाळचं जेवण होतं, डेगीला अजून उकळी फुटायची होती आणि निम्म्या शेपट्या तशाच पडलेल्या. त्यानं वाकून जाळात दोन ओंडके सरकवले, एकदा बुडापासून ढवळून घेतलं, आणि पाटावरच्या तुकड्यावर अंगठा फिरवत सांधा शोधू लागला. सापडला तसा सुरा लावला.