टाक्यातलं शेवाळ, बरणीतलं शेवाळ

मी वाडी सोडली तेव्हा अण्णा माझी बॅग डोक्यावर घेऊन विंझरच्या स्टॉपपर्यंत आले होते. बॅग नवी होती, चाकांची, मुद्दाम वेल्ह्याच्या बाजारातून आणलेली. पण आमच्या वाडीच्या उतारावर चाकांचा काय उपयोग! स्वारगेटची एसटी आली, अण्णांनी बॅग आत ढकलली आणि खिडकीखाली उभे राहिले. नीट राहा, अभ्यास कर, असलं काहीही ते बोलले नाहीत. म्हणाले, "सवे, टाक्याच्या दिवशी मात्र यायचं. घरचं मानूस तू हाईस." गाडी हलली. आई स्टॉपवर आलीच नव्हती. म्हशीची वेळ झाली होती.

तुमच्यापैकी जे वाडीत राहिले त्यांना टाक्याचा दिवस सांगायला नको. जे माझ्यासारखे गाडीत बसले आणि ज्यांच्या मुलांना हे माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. वाडीच्या वर, खडकात खोदलेलं झऱ्याचं टाकं आहे. उन्हाळाभर सगळ्यांचं पाणी तिथलं. शिमगा झाला की पहिल्या रविवारी ते धुवायचं. घरटी एक माणूस. वाडीतले वडीलधारे म्हादूनाना काठावर उभे राहून एकेका घरकर्त्याचं नाव पुकारायचे, आणि त्या घरचं माणूस "हाय" म्हणून पुढं व्हायचं. पाणी उपसून झालं की हातात काथ्या आणि चुना घेऊन पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि भिंतींवरचं शेवाळ घासून काढायचं. जो पहिला उतरेल त्याच्या घरचा हंडा नव्या पाण्यात पहिला बुडायचा. ज्या घरातून कोणीच आलं नाही, त्या घरानं आठ दिवस हंडा सगळ्यांच्या शेवटी लावायचा. शिक्षा म्हणाल तर एवढीच, पण त्या रांगेत शेवटी उभं राहून बघा म्हणजे कळेल.

मी अण्णांची एकुलती एक. बाराव्या वर्षापासून टाक्यात उतरत होते. अंगानं हलकी आणि पायानं पक्की, त्यामुळं पहिली मीच. "शिवराम बाळू!" नाना अण्णांचं नाव ओरडायचे, आणि मी इतक्या जोरात "हाय" म्हणायचे की बायका हसायच्या. अण्णा काठावर बसून बिडी ओढत बघायचे. आमचा हंडा कायम पहिला. आई तो डोक्यावर घेऊन वाडीतून अशी चालायची, जसं काही टाकं तिनंच खोदलंय.

पुण्यात मी लॅबचा कोर्स केला आणि सिंहगड रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. सॅम्पल, सेंट्रिफ्यूज, रिपोर्ट, शिफ्ट असे शब्द तोंडात बसले. तरीही दर वर्षी शिमग्यानंतरच्या रविवारी मी वाडीत असायचे. सोमवारी कामावर यायचे तर हात चुन्यानं उललेले असायचे. एकदा सॅम्पल घेताना एका बाईंनी माझ्या बोटांकडं बघून हात मागं घेतला आणि ग्लोव्ह्ज घालायला सांगितलं. मी घालणारच होते. पण ते मनातून गेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी शिमग्यानंतरच्या शनिवारी मी अण्णांना फोन केला आणि रविवारची ड्यूटी लागली म्हणून सांगितलं. ड्यूटी नव्हती. मी दमले होते, नखांना पहिल्यांदाच चांगलं पॉलिश लावलं होतं आणि मला एक रविवार माझा हवा होता. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. बघू काय तरी." एवढंच.

रविवारी मी मैत्रिणीबरोबर फिरत होते. ती घरच्या टाकीसाठी मासे घ्यायला एका दुकानात शिरली, मी मागून. तिथं एका छोट्या काचेच्या बरणीत हिरवा गोळा होता, लिंबाएवढा. दुकानदार म्हणाला, जपानी आहे, मारिमो म्हणतात, शेवाळाचा गोळा. लोक घरात ठेवतात, शोभेसाठी. मला हसू आलं. जे आम्ही चुना लावून घासून टाकतो ते इथं शोभेला! त्यानं गोळा माझ्या तळहातावर ठेवला. अंगठा फिरवला आणि मला टाक्याची भिंत आठवली, घासायच्या आधीची. मी तो घेतला. बरणी हातात धरून दुकानाबाहेर आले तेव्हा म्हादूनानांच्या मुलाचा फोन आला. अण्णा टाक्यात उतरले होते. तिसऱ्या पायरीवर पाय घसरला. खुबा मोडला होता.

त्यानंतर अण्णा बावीस दिवस होते. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ झाला, मग नाही. त्या बावीस दिवसांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की त्या रविवारी ड्यूटी कशी होती. विचारलं असतं तर मी खोटंच सांगितलं असतं, हे मला माहीत आहे.

बरणी मात्र टाकवली नाही. टाकून दिली तर सुटले असं होईल, आणि सुटायचं नव्हतं. मी ते सगळं शिकून घेतलं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातल्या औषधाचा वास जातो. पंधरा दिवसांनी पाणी बदलायचं. गोळा बाहेर काढून स्वच्छ पाण्यात हलकेच पिळायचा आणि दोन्ही तळहातांत वळायचा, नाहीतर एका बाजूनं चपटा होतो. उन्हात ठेवायचा नाही, तपकिरी पडतो. एप्रिलमध्ये खोली तापली की दुपारी फ्रिजमध्ये. मैत्रीण म्हणायची, याला तर काहीच लागत नाही, पाळायला सगळ्यात सोपं. मी त्याला तीन वर्षं एखाद्या आजारी माणसासारखं सांभाळलं. एवढ्या काळात तो वाढला असेल जेमतेम गव्हाच्या दाण्याभर.

आई दोन वर्षं एकटी राहिली. मग गुडघे गेले. म्हैस शेजारी दिली आणि मागच्या वर्षी मी तिला फ्लॅटवर आणलं. ती येणार म्हणून मी बरणी फ्रिजवर डब्यांच्या मागं लपवली. तिला काय सांगणार होते? ज्या शेवाळानं अण्णांचा पाय घसरला ते मी काचेत घालून पाळते?

आईला फ्लॅटमध्ये करायला काही नव्हतं. भांडी बाईच्या हातून घ्यायची आणि पुन्हा घासायची. गॅलरीत उभी राहून खालच्या गाड्या बघायची. "हितं कुनाला कुनी हाक मारत न्हाई," म्हणायची. खरंच होतं ते. शेजारच्या दारावर आडनाव आहे आणि एवढी वर्षं मला तेवढंच माहीत आहे.

एका गुरुवारी कामावरून आले तर फ्रिजच्या वरचं सगळं लख्ख. बरणी ओट्यावर उपडी, राखेनं घासून चकचकीत केलेली. राख कुठून आणली देव जाणे. आई खुशीत होती. म्हणाली, "पान्याचं भांडं असं ठिवत्यात व्हय? आतमधी शेवाळाचा गोळा झालता, एवढा! आपल्याकडं असं भांडं कुनी बघितलं तर त्या बाईच्या हातचं पानी न्हाई पिनार."

तिचं काय चुकलं? आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं. पण मी पर्स फेकली आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात दोन्ही हात घातले. चहापत्ती, कांद्याची सालं, त्याखाली तो. मी ओरडले. आईवर मी जन्मात ओरडले नव्हते. "ते टाकायचं नव्हतं! त्या दिवशी घेतलंय मी ते!"

"कुठल्या दिवशी?"

गोळा नळाखाली धरून मी सगळं सांगितलं. ड्यूटी नव्हती. दमले होते. नखं. दुकान. फोन. सांगताना तिच्याकडं बघायची छाती झाली नाही, गोळ्याकडंच बघत होते. एक चहापत्ती आत रुतली होती, ती निघत नव्हती.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही आई नुसती जेवायची, ताट धुवायची, भिंतीकडं तोंड करून निजायची. शनिवारी सकाळी तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं. "मला वेल्ह्याच्या गाडीत बसव," म्हणाली.

स्वारगेटला जाताना रिक्षात मी हिशोब करत बसले होते की आई गेली तर माझं मागं काय उरतं. अण्णा माझ्यामुळं गेले आणि आता आई माझ्यापासून उठून चालली आहे. तिथं म्हैस नाही, पाणी आणायला गुडघे नाहीत, घराचं दार पावसात फुगून बसलंय. तरी तिला माझ्या घरापेक्षा ते बरं वाटत होतं. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क नाही असंही वाटत होतं.

वेल्ह्याची गाडी लागली. लोक धावले. मी गाठोडं उचललं. आई बाकावरून उठली नाही.

"त्या शनवारी तुजा फोन आला," ती म्हणाली, समोरच्या गाडीकडं बघत. "फोन ठिवून हे म्हनले, पोरीला न्हाई जमत, ऱ्हाऊ दे. आठ दिस हंडा शेवटी लावू, त्यात काय मरतंय. म्या म्हनले, म्या न्हाई लावायची शेवटी. इतकी वर्सं पयला हंडा आपला. बाया हसतील. लई बोलले म्या, सवे. गप बसले ऐकून. सकाळी काथ्या म्याच दिला त्यांच्या हातात."

गाडीच्या कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

"तुज्या घरी ऱ्हायाची लाज वाटाया लागली मला," आई म्हणाली. "तू सांगून बसलीस. म्या तीन वर्सं गप."

गाडी गेली. मी गाठोडं मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले. तुम्हाला वाटेल, मन हलकं झालं असेल. मलाही वाटलं होतं, कधीतरी सांगितलं की होईल. झालं नाही. आधी हे ओझं माझं एकटीचं होतं, आता दोघींचं झालं, आणि दोघींना वाटून ते काही कमी झालं नाही. ती माझ्या पायी गप होती आणि मी तिच्या पायी, आणि मधल्यामध्ये अण्णा, ज्यांनी दोघींनाही एक शब्द बोलून दाखवला नाही. मला त्या क्षणी अण्णांचाच राग आला. बोलायला काय झालं होतं त्यांना? मग आईनं माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि म्हणाली, "चल. त्याला पानी कवा बदलायचं असतं?"

आम्ही रिक्षानं परत आलो.

तेव्हापासून ते काम आईचं आहे. पहिल्या दिवशी तिनं गोळा दोन बोटांत धरला, लांब, जसा विंचू धरावा. मग तळहातावर घेतला. बराच वेळ अंगठा फिरवत राहिली. "ह्याच्यावरच," एवढंच म्हणाली. आता पंधरा दिवस ती थांबत नाही, दर रविवारी पाणी बदलते. मी सांगून दमले की एवढं लागत नाही. पाण्याचं पातेलं आदल्या दिवशी झाकण न घालता ओट्यावर ठेवते आणि गोळा अशा हातानं वळते की तो पूर्वी माझ्याकडं कधी एवढा गोल नव्हता. रुतलेली चहापत्तीही तिनंच सुईनं काढली. कधी कधी सकाळी गोळा पाण्यात वर येऊन तरंगतो, अंगावर बारीक बुडबुडे घेऊन. तेव्हा ती मला उठवते.

वाडीवरून फोन येतात. घरोघरी नळ आला आहे. टाकं आता कोणी धूत नाही, म्हादूनानांना दिसत नाही, नाव पुकारायला कोणी नाही. पायऱ्यांवर शेवाळ चढलंय म्हणे, पार वरपर्यंत. चांगलंच आहे की, बायकांची पायपीट वाचली. तरीही ते ऐकलं त्या दिवशी आई जेवली नाही. पुण्यात मला कोणी विचारतं, घर कुठं, तर मी पिनकोड सांगते. वाडीत गेले तर लोक म्हणतात, पुण्याची आली. कुठल्याही यादीत आमचं घर आता धरलेलं नाही, असं मला वाटायला लागलं होतं.

यंदा शिमगा झाला आणि पुढचा रविवार आला. आम्ही दोघीही त्याबद्दल बोललो नाही. मी ओट्यापाशी चहाची भांडी धूत होते. आईनं बरणीतलं पाणी झाडाला घातलं, बरणी घासली, गोळा वळून वाटीत ठेवला. मग नवं पाणी ओतायच्या आधी ती थांबली. पदर डोक्यावर घेतला. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात आणि नंतरच्या तीन वर्षांत, सरकारी कागदावर अंगठा देतानासुद्धा, माझ्या आईनं ते घेतलं नव्हतं. साहेबानं विचारलं की माझ्याकडं बघायची आणि मी सांगायचे.

बरणी दोन्ही हातांत धरून, गॅलरीकडं तोंड करून, म्हादूनाना पुकारायचे तशाच लांब सुरात आईनं पुकारलं, "शिवराम बाळू!"

शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. मी हात पुसले नाहीत.

"हाय," मी म्हणाले.